मिठाला वळसा

कोपरी, ठाणे (पूर्व)
९ जून २०२५

आदरणीय श्री. गुरुदत्त करमरकर यांस,
सादर नमस्कार.

माझ्या २ जूनच्या पत्रात दोन चुका झाल्या आहेत. तुम्ही त्यावर काही करण्याआधी त्या दुरुस्त करते.

पहिली. तुमच्या ‘लोहगरुड’ मालिकेचा जो भाग मला कायदेशीर मार्गाने पाहायचा आहे, तो एक्केचाळिसावा असं मी लिहिलं होतं. तो सदतिसावा आहे, ‘मिठागरातला सापळा’.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. ही मालिका मी कुठेही अनधिकृतपणे पाहिलेली नाही, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. १८ मे रोजी मी बाराव्या भागाची चार मिनिटं अकरा सेकंद पाहिली. ‘लोहगरुड प्रेमी’ या नावाने कोणीतरी सगळे बावन्न भाग इंटरनेटवर टाकले आहेत. खाली लिहिलं होतं, ‘हक्क मूळ मालकाचे आहेत, मी फक्त प्रेमापोटी टाकले आहे.’ ते वाचल्यावर मी बंद केलं. क्रमांक तपासायला परवा पुन्हा त्या पानावर गेले, पण तेव्हा फक्त शीर्षकं वाचली. शीर्षक वाचणं म्हणजे पाहणं नव्हे, असं मी धरून चालले आहे. तसं नसेल तर कळवावं.

बाकीचं सगळं बरोबर आहे. मी सात अ‍ॅपवर शोधलं. एकावर गरुडांवरचा माहितीपट मिळाला. एकाने ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’ असं सांगितलं, पण कोणत्या प्रदेशात उपलब्ध आहे ते सांगितलं नाही. एकाच्या ग्राहक सेवेने तीन दिवसांनी उत्तर दिलं की त्याऐवजी मी एक पौराणिक मालिका पाहावी. शेवटी ज्या वाहिनीवर मालिका लागायची तिथून कळलं की हक्क निर्मात्याकडे परत गेले आहेत, आणि निर्मात्याचा फक्त टपालाचा पत्ता आहे. तो तुमचा निघाला.

तरी सदतिसावा भाग घरच्या लोकांसोबत एकदा पाहायचा कायदेशीर मार्ग कळवावा, ही विनंती.

आपली नम्र,
निशिगंधा मारुती भोईर


डोंबिवली (पूर्व)
१६ जून २०२५

कु. निशिगंधा भोईर यांस,

आपली दोन्ही पत्रे मिळाली. आपण वकील आहात काय? असल्यास कोणाच्या वतीने लिहिता ते स्पष्ट करावे. सत्तावीस वर्षांनी या मालिकेची इतकी अदबीने चौकशी करणारा माणूस मला तरी दुसऱ्या प्रकारचा ठाऊक नाही.

बाराव्या भागाची पहिली चार मिनिटे म्हणजे शीर्षकगीत आणि धूर. त्यात चोरण्यासारखे काही नव्हते. शीर्षके वाचायला परवानगी लागत नाही.

सदतिसावाच भाग का, ते लिहावे. त्यानंतर पाहू.

गुरुदत्त करमरकर


कोपरी, ठाणे (पूर्व)
२२ जून २०२५

आदरणीय करमरकर सर,
सादर नमस्कार.

मी वकील नाही. माजिवड्याला एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात काम करते, त्यामुळे भाषा तशी झाली असेल. आमच्या घरात शाळा पूर्ण करणारी मी पहिली. घरात कुठलाही कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो, अगदी गॅसच्या पाइपवरची सूचनासुद्धा.

सदतिसावाच भाग का, ते सांगते. माझे बाबा, मारुती भोईर, त्या वेळी खाडीकडच्या मिठागरात कामाला होते. ते सांगायचे की तुमचं शूटिंग तिथे झालं आणि लोहगरुडाचा पोशाख घालून बांधावरून पळाले ते हेच. मुखवटा असल्यामुळे चेहरा दिसत नाही. बूट चिखलात घसरत होते म्हणून त्यांना अनवाणी पळवलं आणि पायांना रुपेरी रंग लावला. नखांतला रंग महिनाभर निघाला नाही, असं म्हणायचे.

‘म्हणायचे’ असं लिहिलं, कारण आता म्हणत नाहीत. ११ मे रोजी माझी चुलत बहीण अक्षदा हिची हळद होती. तिथे कोणीतरी म्हणालं, “मारुतीकाका, ती लोहगरुडाची गोष्ट सांगा ना.” बाबा म्हणाले, “नाय रे, तो मी नव्हतो. मस्करी केलेली.” सगळे हसले. बाबा पण हसले, आणि पुन्हा ताटावर बसले.

मला ते पाहवलं नाही. भाग पाहिला तर नक्की काय ते कळेल.

आणखी एक गोष्ट लपवायला नको. मी पाचवीत ‘माझे बाबा’ या निबंधात हे लिहिलं होतं. बाईंना ते खोटं वाटलं आणि माफीपत्र द्यावं लागलं. त्यावर बाबांनी सही केली होती. तो विषय तिथेच संपला.

माझा धाकटा भाऊ मितेश म्हणतो, “ताई, अख्खी दुनिया फुकट बघते. तुला पकडायला कोण येणारे, कोपरी पोलीस?” मी त्याला म्हटलं, प्रश्न पकडण्याचा नाही. तो म्हणाला, “मग कसला आहे?”

पाहणारे आम्ही घरचे चार आणि काकांकडचे दहा, असे चौदा होऊ. चौदा म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन होतं का? शेजारचे भाऊ भोईर खिडकीतून डोकावतात. खिडकी बंद ठेवता येईल.

आपली नम्र,
निशिगंधा


डोंबिवली (पूर्व)
३ जुलै २०२५

निशिगंधा,

खिडकी उघडी ठेव. उकडते.

आता तुझ्या वडिलांविषयी. ते पाय मी स्वतः रंगवले आहेत. रंग लावणारा मुलगा त्या दिवशी आला नव्हता आणि आमचे नायक मोटारीतून उतरायला तयार नव्हते. मिठाने तळव्यांना चिरा पडतात, असे त्यांना कोणी तरी सांगितले होते. मग मिठागरातलाच एक तरुण उभा केला. नाव विचारल्याचे आठवत नाही. विचारायला हवे होते. बांधावर बसून मी ब्रशने त्याचे पाय रंगवत होतो आणि तो सारखा “साहेब, राहूद्या, मी लावतू” म्हणत होता. ही गोष्ट मी, माझा भागीदार सुधीर आणि तो मुलगा, अशा तिघांनाच माहीत होती. सुधीर गेला. तेव्हा तुझे वडील खरे बोलत होते, याला आता भाग पाहण्याची गरज नाही.

पण त्यांनी माझी पंचाईत किती केली, तेही ऐक. प्रसंग असा होता: गुंड मिठाच्या राशीवरून उड्या मारत पळतात आणि लोहगरुड त्यांच्या मागे झेप घेतो. गुंडांनी उड्या मारल्या. लोहगरुड राशीपाशी आला, थांबला, आणि वळसा घालून पलीकडे गेला. पुन्हा घेतले. पुन्हा वळसा. तिसऱ्यांदा सुधीर ओरडला, तेव्हा मान डोलावली, आणि वळसाच. तेवढ्यात ऊन गेले. जगाचा तारणहार मिठाच्या ढिगाला भिऊन बाजूने जातो, असे दृश्य पदरात घेऊन मी डोंबिवलीला आलो.

ते निस्तरायला मी संवाद घातला, ‘मीठ! माझ्या शक्तीचा शत्रू!’ पुढचे पंधरा भाग प्रत्येक खलनायक त्याच्यावर मीठ फेकत होता. घराघरांत मुले अळणी जेवू लागली. कल्याणच्या एका डॉक्टरांनी मला समज देणारे पत्र पाठवले. ते अजून आहे.

कायदेशीर मार्गाचे म्हणशील, तर हक्काचे सगळे कागद माझ्या कपाटात आहेत. भाग नाहीत. मूळ फिती कल्याणच्या गोदामात होत्या, २००५ च्या पुरात गेल्या. मालक मी आहे, पण दाखवायला माझ्याकडे काही नाही.

गुरुदत्त करमरकर


कोपरी, ठाणे (पूर्व)
१० जुलै २०२५

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मग बाबांना इतकंच विचारलं की मिठाच्या राशीवरून उडी मारायला सांगितलं तर ते काय करतील. ते बादली घासत होते. म्हणाले, “मिठावर पाय नाय द्याचा.”

“का?”

“का काय? ज्याचं खायचं त्याच्यावर पाय देतात का?”

आमच्या आजीचा, आवडाबाईचा, तसा नेम होता. सकाळी मिठागरात उतरताना ती चिमूटभर मीठ कपाळाला लावायची, आणि रास लागली की लहान मुलांनासुद्धा वळसा घालूनच जायला लावायची. वाट लांब पडली तरी. बाबा तिच्या हाताखाली शिकले. त्यामुळे ते भीतीने बाजूला गेले नव्हते, हे तुम्हाला कळवणं मला आवश्यक वाटतं. तुमच्या मालिकेत मीठ शत्रू झालं, हे मी अजून बाबांना सांगितलेलं नाही. तुमचं पत्रही वाचून दाखवलेलं नाही. भाग मिळाला की सगळं एकदमच सांगेन.

भाग मिळवण्याबद्दल मला एक मार्ग सुचतो. हक्क तुमच्याकडे आहेत, भाग ‘लोहगरुड प्रेमी’कडे. त्याने ते तुमच्या स्वाधीन करावे आणि तुम्ही स्वतःचं चॅनेल उघडून तिथे ठेवावे. मग ते पाहणं पूर्ण कायदेशीर होईल, सगळ्यांसाठीच. त्याच्या पानावर संपर्क म्हणून एका दुकानाचं नाव आहे: नाथा इलेक्ट्रिकल्स, खडवली. त्याला द्यायच्या पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. चौथ्या परिच्छेदात ‘चोरी’ हा शब्द होता, तो काढून ‘जतन’ केला आहे. पटत नसेल तर बदलावा.

आपली नम्र,
निशिगंधा


डोंबिवली (पूर्व)
२४ ऑगस्ट २०२५

चि. निशिगंधा हिस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मी खडवलीला गेलो होतो. तुझा मसुदा उत्तम होता, पण वापरावा लागला नाही. नाथा दुकानात पंखा उघडून बसला होता. मी नाव सांगितल्यावर उठून उभा राहिला आणि पहिले वाक्य बोलला, “काका, काढायला सांगू नका.” दर रविवारी सकाळी दहाला त्याने दूरदर्शन संचासमोर बसून बावन्न भाग टेप केले होते. मधल्या जाहिरातीसुद्धा आहेत. त्याचा मुलगा मयूर याने मला चॅनेल काढून दिले. नाथाने आपले पान बंद केले आणि मी त्याला माझ्या चॅनेलवर ‘संग्राहक’ म्हणून नाव दिले. दोघेही स्वतःला दुसऱ्याचे उपकृत समजत आहोत, त्यामुळे चहा फार झाला.

मालिका क्रमानेच दाखवायची, हा माझा हट्ट आहे. मधूनच उचललेल्या भागाला अर्थ नसतो. येत्या ७ सप्टेंबरच्या रविवारी सकाळी दहाला पहिला, मग दर रविवारी एक. या हिशेबाने तुझा सदतिसावा १७ मे २०२६ ला येईल. तुला फार घाई असेल तर सांग.

मीठ कपाळाला लावण्याचे वाचले. सत्तावीस वर्षे मी ते दृश्य फजितीचे म्हणून सांगत आलो.

गुरुदत्त करमरकर


कोपरी, ठाणे (पूर्व)
२८ ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

मला घाई नाही. १७ मे ही तारीख योग्य आहे. क्रम मोडणं मलाही बरोबर वाटत नाही. तोवर घरी काही बोलणार नाही, म्हणजे अपेक्षा निर्माण होणार नाहीत. दिनदर्शिकेत नोंद केली आहे. पुढच्या वर्षीची दिनदर्शिका अजून बाजारात आलेली नाही, म्हणून वहीत केली आहे.

आपले आभार कसे मानावेत कळत नाही.

निशिगंधा


डोंबिवली (पूर्व)
९ सप्टेंबर २०२५

निशिगंधा,

जी मुलगी चार मिनिटे अकरा सेकंदांचा कबुलीजबाब स्वतःहून पाठवते, ती नऊ महिने थांबायला एका ओळीत तयार होते, हे मला पटलेले नाही. तुझे वडील खरे बोलत होते हे तुला जुलैपासून ठाऊक आहे. माझ्या हातचे पत्र तुझ्याकडे आहे. ते तू त्यांना वाचून दाखवलेस का? नसशील, तर भाग नव्हता म्हणून नव्हे.

मीही लेखक होतो. पात्र नियम का पाळते, याचा विचार करावा लागतो. काहींना नियम आवडतात. काहींना त्यांच्या मागे उभे राहायला बरी जागा मिळते. तू कुठल्या प्रकारची, ते तुझे तू ठरव. माझा अंदाज चुकीचा असेल तर दुरुस्ती कळव. त्यात तू पटाईत आहेस.

क्रम मी मोडतो आहे. सदतिसावा भाग दसऱ्यानंतरच्या रविवारी, ५ ऑक्टोबरला सकाळी दहाला टाकतो. नामावलीत त्यांचे नाव घालायचे आहे. ‘मारुती भोईर’ एवढेच लिहू की मधले नावही?

गुरुदत्त करमरकर


कोपरी, ठाणे (पूर्व)
२१ सप्टेंबर २०२५

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

२२ जूनच्या पत्रात मी लिहिलं होतं की माफीपत्रावर बाबांनी सही केली आणि तो विषय तिथेच संपला. त्यातला एकही शब्द खोटा नाही, पण ते खरं नव्हतं. दुरुस्ती खालीलप्रमाणे.

माफीपत्र बाईंनी फळ्यावर लिहून दिलं आणि मी ते दोनदा उतरवलं. एक शाळेसाठी, एक माझ्या वहीत चिकटवायला. मजकूर असा होता: ‘माझी मुलगी निशिगंधा हिने माझ्याविषयी खोटे लिहिले आहे. मी कधीही दूरदर्शनवर काम केलेले नाही. ती पुन्हा असे करणार नाही.’ खाली पालकांची सही. सही आणली नाही तर वर्गात बसू देणार नाही, असं बाई म्हणाल्या होत्या.

बाबांना वाचता येत नाही. त्या वर्षी मी त्यांना सही करायला शिकवत होते. पाटीवर ‘मारुती’ यायला लागलं होतं. त्या संध्याकाळी मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी विचारलं, “काय लिवलंय?” मी म्हटलं, “सहलीचं आहे.” आणि वाचूनही दाखवलं. सहलीला टिटवाळ्याला नेणार आहेत, डबा आणायचा आहे, असं बोट फिरवत वाचलं. बाबांनी दोन्हींवर सही केली. कागदावरची ती त्यांची पहिली सही. झाल्यावर त्यांनी आईला बोलावून दाखवली.

सोळा वर्षं मी समजत होते की हे कोणालाच माहीत नाही. तुमचं पत्र आल्यावर मी आईला सांगितलं. आई भाकऱ्या थापत होती.

ती म्हणाली, “मग?”

मी म्हटलं, “मग काय? मी त्यांना फसवलं.”

“त्याला माहीत हाय.”

“काय माहीत आहे?”

“दुसऱ्याच दिवशी शाळेतला शिपाई बाबुराव भेटलेला त्याला. म्हणला, मारुती, असं कसं लिवून दिलंस? सगळं वाचून सांगितलान.”

“मग बाबा मला काही बोलले का नाहीत?”

“बोलला असता तर तू शाळेत गेली असतीस का?” मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, “मी सांगितला त्याला, जा शाळेत, सांग खरं काय ते. तर म्हणला, शीला, सही केलेली हाय. आता नाय फिरवायची.”

सर, ते हळदीत ‘तो मी नव्हतो’ म्हणाले, ते यामुळे. गंमत म्हणून नाही आणि विसरले म्हणूनही नाही. सही केली म्हणून. मी सात अ‍ॅपना आणि एका वाहिनीला पत्रं लिहून कायदेशीर मार्ग शोधत होते, आणि घरात एक माणूस माझ्या खोट्या कागदाचं पालन करत होता.

तुमचा अंदाज बरोबर होता. मी दुसऱ्या प्रकारची आहे. भाग जितका उशिरा मिळेल तितकं मला बरं वाटत होतं. तो पहिल्याच दिवशी एका बोटावर मिळाला असता तर मला माझं सांगावं लागलं असतं.

माझ्या वहीतलं माफीपत्र मी काढून ठेवलं आहे. दुसरा एक कागद तयार केला आहे. त्यात लिहिलं आहे की पहिला कागद मी खोटं वाचून सही करून घेतला, म्हणून तो मारुती भोईर यांना बांधील नाही. त्याखाली सही माझी आहे. बाबांच्या सहीसाठी जागा ठेवलेली नाही. त्यांनी काही सही करायची गरज नाही.

हे मी भाग पाहून झाल्यावर सांगणार नाही. तेव्हा सगळे खुशीत असतील, काकांकडचे दहा जण आजूबाजूला असतील आणि मला माफी आपोआप मिळेल. ती मला नको. आधी सांगेन, म्हणजे टीव्ही लावायचा की नाही हे बाबांना ठरवता येईल. ते ‘नको’ म्हणाले तर आम्ही तो भाग पाहणार नाही, आणि मी तुम्हाला तसं कळवेन. नामावलीत नाव घालायचं तेही त्यांनी ‘हो’ म्हटल्यावरच घालावं, ही विनंती. तोपर्यंत ती ओळ रिकामी ठेवता आली तर बरं. मधलं नाव रघु, तेही त्यांनाच विचारून.

मितेशला मी इतकंच सांगितलं आहे की त्या दिवशी सगळ्यांना दहाला बोलवायचं, आधी नाही. तो म्हणाला, “कायदेशीर झालं एकदाचं?” मी म्हटलं, अजून अर्ध्या तासाचं काम बाकी आहे.

दोन्ही कागद मी बाबांना जसे आहेत तसे वाचून दाखवेन, शब्द न बदलता, पहिला आधी. रविवार, ५ ऑक्टोबर २०२५, सकाळी साडेनऊ वाजता.

आपली,
निशिगंधा मारुती भोईर